सरांच्या शेजारी बसून दिलेली परीक्षा

निवृत्त होईपर्यंत मी इस्राएलमध्ये, अश्केलोनच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवली. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा म्हणाले, तेव्हा मुलांच्या खोड्या, फुटलेल्या काचा, एकदा पेटलेला पडदा, असलं लिहायला घेतलं होतं. थोडं लिहिलं आणि फाडून टाकलं. खरं सांगायचं तर शिकवणं हे माझ्या आयुष्यातलं कष्टाचं काम नव्हतंच. कष्टाचं काम त्याच्या आधीचं. परीक्षेला बसणं. इथे आल्यावर दीड-दोन वर्षं माझा तोच धंदा होता, आणि त्या धंद्यात माझ्या शेजारी जे बसले होते त्यांच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आधी माझं सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मूळचे कोकणातले, मग मुंबईचे. बाबा गिरणीत होते. आयला सहीपुरतं लिहिता यायचं. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. रिवका, बी. एस्सी., अशी सही मी अजून करते. नातू हिब्रूत विचारतो, आजी, नावामागे हे शेपूट कशाला? शेपूट नाही बाबा, पाठीचा कणा आहे तो.

बाबा गेले आणि १९६२ साली आय आणि मी इथे आलो. नोकरी देणारी सरकारी कचेरी असते, तिला इथे लिश्का म्हणतात. तिथल्या बाईने माझं पदवीपत्र पाहिलं, छान आहे म्हणाली आणि परत केलं. मुंबईच्या पदवीवर शिकवता येणार नाही. विद्यापीठाची पूरक परीक्षा द्यायची, आधी लेखी, मग तोंडी. तोंडीत नापास झाल्यास एकच संधी आणखी मिळते, तिला म्हणायचं मोएद बेत. तीही गेली तर सगळं पहिल्यापासून, लेखीसकट. "आणि तोवर?" मी विचारलं. "तोवर कापडाच्या कारखान्यात जागा आहे," बाई म्हणाली. मुंबईत बाबांनी मला गिरणीच्या दाराजवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं. इथे मी आत गेले.

पहिल्याच आठवड्यात जेवायच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. समोरून रंगखात्यातला एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत हात निळे. मी डबा बाजूला ठेवून ताडकन उभी राहिले.

"बस गं रिवके. डबा खा," ते म्हणाले.

सॅमसन सर. मुंबईच्या शाळेत त्यांनीच मला सायन्स शिकवलं होतं. बाबांना घरी येऊन समजावलं होतं की मुलीला कॉलेजात घाला, नाहीतर मी तुमच्या दारात बसतो. ते नसते तर मी बी. एस्सी. सोडा, मॅट्रिकही झाले नसते. त्यांच्या हाताखालून गेलेली किती मुलं डॉक्टर झाली. इथे त्यांनाही त्याच बाईने तेच सांगितलं होतं.

म्हणजे सर आणि मी एकाच परीक्षेचे उमेदवार झालो.

मला पास होऊन बरी नोकरी हवी होती, बस. मी चोविशीतली होते, कुठेही रुजले असते. सर पन्नाशीला आले होते. ते म्हणायचे, "मला पगार नको वाढवून, घर नको. एक फळा पाहिजे आणि समोर पोरं." रंगाच्या वाफेने त्यांची छाती भरायची. त्यांच्या पत्नी एलिझाबाई रात्री ती ओव्याच्या पुरचुंडीने शेकून द्यायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "आणखी दोन पावसाळे हे तिथे टिकणार नाहीत." इथे पावसाळा कुठला? पण त्या वर्षं पावसाळ्यांनीच मोजायच्या.

ज्यांना मुंबईची परीक्षा माहीत आहे त्यांना इथली कशी वेगळी ते थोडं समजावते. मुंबईत परीक्षा म्हणजे पाठ केलेलं स्वच्छ अक्षरात उतरवणं. सप्लिमेंट मागायच्या, दोऱ्याने बांधायच्या, जितकी पुरवणी जाड तितकी छाती वर. इथे लेखीला गेलो तर शेजारचा उमेदवार काकडी खात होता. दुसरा सिगारेट ओढत होता. पर्यवेक्षक बाई लोकर विणत बसल्या होत्या. प्रोफेसर आत आले तेव्हा उभं राहणारी माणसं दोनच, सर आणि मी. मागून कोणीतरी हसलं. प्रोफेसरांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही निघून चाललोय.

लेखी आम्ही दोघांनीही पार केली. सरांच्या उत्तरांवर शेरा होता : न विचारलेलंही लिहिलं आहे. सरांना तो शेरा आवडला. "न विचारलेलं येतंय म्हणजे विचारलेलं येणारच की!"

अडलं ते तोंडीत.

मुंबईच्या व्हायवाची रीत सांगते. बाहेरून परीक्षक यायचे. कॉलेजात त्या दिवशी वरपिता आल्यासारखी धावपळ. त्यांना चहा, बिस्किटं, पंख्याखालची जागा. आणि आम्हाला सरांची शाळेपासूनची ताकीद : परीक्षकाशी वाद घालायचा नाही. तो चुकला तरी त्या खोलीत तो बरोबर. 'येस सर' म्हणायचं, मार्क घ्यायचे, घरी यायचं. मी तसंच केलं आणि फर्स्ट क्लास मिळवला.

इथले प्रोफेसर जर्मनीतून आलेले, उंच, इस्त्रीचा शर्ट, पायांत मात्र चपला. नव्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची सवलत होती, तेव्हा भाषेचा दोष देता येत नाही. माझी उत्तरं बरी चालली होती. मध्येच ते म्हणाले, "ग्रॅफाइट हा कार्बनच. म्हणजे त्यातून वीज वाहत नाही, बरोबर?" वाहते. मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "येस सर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी या. येताना स्वतःचं मत घेऊन या."

सरांनाही तसंच काहीतरी विचारलं होतं. तेही 'येस सर'. बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, तिथे नईम म्हणून एक बगदादचा फार्मसिस्ट भेटला. तो पास होऊन आला होता. आमचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"अहो, तो मुद्दाम खोटं बोलतो! प्रत्येकाला एक खोटं वाक्य टाकतो. पकडलं तर पास."

"मग तुम्ही काय केलं?" सरांनी विचारलं.

"मी म्हटलं, प्रोफेसर, हे तुम्हाला कोणत्या गाढवाने शिकवलं?"

सरांनी कानाला हात लावला. "आणि पास केलं?"

"हात मिळवला वर."

मोएद बेतला दोन-तीन महिने होते. मग आम्ही तयारी करायला लागलो ती केमिस्ट्रीची नव्हे. उलटून बोलायची. शब्बाथला लिहायचं नसतं, पण तोंडी सरावाला हरकत नव्हती. शनिवारी दुपारी मी सरांच्या घरी जायची. मी प्रोफेसर व्हायची आणि खोटं बोलायची. सर चटकन म्हणायचे, "साफ चूक! बस खाली!" एलिझाबाई आतून हसायच्या. मग सर प्रोफेसर व्हायचे आणि माझी पाळी आली की माझ्या तोंडून 'येस सर'च निघायचं. सरांना चूक कसं म्हणायचं? शेवटी मी तो सराव घरी आयवर करायला लागले.

"आय, तू चुकतेस. भेंडी अशी चिरत नाहीत."

"काय म्हणालीस?"

"परीक्षेची तयारी करतेय."

"कसली परीक्षा? सासूशी भांडायची?"

पण मला हळूहळू जमायला लागलं. सरांचं तसं नव्हतं. त्यांनी सराव केला तो माझ्यावर, म्हणजे विद्यार्थिनीवर. विद्यार्थ्याला चूक म्हणणं हे तर ते जन्मभर करत आले होते. त्यांच्यापेक्षा मोठं, ज्याच्यासमोर मान खाली जाते, असं सराव करायला अश्केलोनमध्ये त्यांना कोणी नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्याच दिवसांत आमच्या लोकांची दुसरीही परीक्षा चालली होती. लग्न नोंदवायला गेलेल्या मुलामुलींना आजी कोण, आजीची आई कोण, ती यहुदीच कशावरून, असं विचारायचे. शेकडो वर्षांपूर्वी गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांचे दाखले कुठून आणायचे? शेजारच्या मुलीचं लग्न त्यापायी लांबलं होतं. एलिझाबाई म्हणायच्या, "आधी विचारतात यहुदी कशावरून. मग विचारतात मास्तर कशावरून. उद्या विचारतील माणूस कशावरून." सर त्यांना गप्प करायचे. सरकारला वाईट बोलायचं नाही, हीही त्यांची एक रीत.

यरुशलेमला आम्ही बसने गेलो. सरांनी मुंबईचा सूट घातला होता. आयने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता, दोघांच्या नावाने. थंडी होती, सर खोकत होते. बसमध्ये त्यांनी एकदाही पुस्तक उघडलं नाही. म्हणाले, "एकच वाक्य पाठ केलंय. नो सर, दॅट इज नॉट सो. एवढं तोंडातून बाहेर पडलं की झालं."

उमेदवार जास्त होते म्हणून त्या वेळी जोडीजोडीने आत घेत होते. एका गावचे म्हणून आम्हाला एकत्र बोलावलं.

आम्ही आत गेलो आणि प्रोफेसर उठून उभे राहिले. त्यांनी या वेळी सरांचा अर्ज वाचला असावा. स्वतः टेबलाला वळसा घालून आले, सरांसाठी खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "बसा. इतकी वर्षं शिकवलंत तुम्ही. आपण एकाच पेशातले." सर बसेनात. "बसा, प्लीज." सर खुर्चीच्या कडेवर बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी मऊ झाला होता.

सरांची उत्तरं अप्रतिम होती. काय बोलले! रंगखात्याचा निळा माणूस कुठल्या कुठे गेला, मुंबईच्या वर्गातले सर परत आले. प्रोफेसर मान डोलवत होते. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आता प्रयोगशाळेतलं. सल्फ्युरिक ॲसिड पातळ करायचं आहे. बीकरमध्ये तीव्र ॲसिड घेतो आणि त्यात हळूहळू पाणी ओततो. बरोबर?"

ज्यांनी केमिस्ट्री केली नाही त्यांच्यासाठी सांगते. हे कधीही करायचं नसतं. पाण्यात ॲसिड घालायचं, तेही थेंबाथेंबाने. उलट केलं तर उकळून उसळतं आणि चेहऱ्यावर येतं. मुंबईच्या शाळेत सर आम्हाला लॅबच्या दारात उभं करायचे, आणि प्रत्येकाने 'आधी पाणी, मग ॲसिड' म्हटल्याशिवाय आत सोडायचे नाहीत.

सरांनी बोटांनी कोटाचं बटण धरलं होतं. ओठ हलले. मला वाटलं, आलं, वाक्य आलं.

"येस सर," ते म्हणाले.

प्रोफेसरांनी परत विचारलं. त्यांना पास करायचं होतं, मी शपथेवर सांगते. "नीट विचार करा. मी ॲसिडमध्ये पाणी ओततो आहे."

"ॲज यू से, सर."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुमच्या सहकाऱ्याशी सहमत आहात?"

सहकारी! माझा मान राखायला त्यांनी तो शब्द वापरला. सर माझ्याकडे पाहत नव्हते. मी हो म्हटलं असतं तर दोघंही गेलो असतो आणि त्यांच्या काही उपयोगी पडलं नसतं. हा हिशेब मी तेव्हा केला असं नाही. मी फक्त उत्तर दिलं.

"नाही. ॲसिड पाण्यात घालायचं. हे मला यांनीच शिकवलंय, शाळेत. यांना येतं."

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "हे तुमचे शिक्षक?" मग सरांकडे वळून, अगदी हळू आवाजात : "मग सांगा, कोण बरोबर? मी, की तुमची विद्यार्थिनी?"

आता तरी. दार सताड उघडं होतं. फक्त पाऊल टाकायचं होतं.

सर उभे राहिले. हात मागे बांधले. म्हणाले, "सर, आपण म्हणता ते आपल्या जागी बरोबर. तिचंही बरोबर."

प्रोफेसर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "महाशय, उद्या शाळेचा इन्स्पेक्टर तुमच्या वर्गात येऊन चुकीचं सांगेल. समोर मुलं असतील, त्यांना डोळे असतील. तेव्हाही तुम्ही असंच म्हणाल?" प्रोफेसरांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही.

परतीच्या बसमध्ये सरांनी खिडकीजवळची जागा घेतली. मग सर म्हणाले, "आवाज खणखणीत लागला तुझा. शाबास."

"सर, तुम्हाला तर ठाऊक होतं. तो खोटं बोलणार हेही ठाऊक होतं."

"ठाऊक होतं गं." ते खिडकीबाहेर पाहत होते. "पण खुर्ची दिली त्याने मला. या देशात पाय ठेवल्यापासून कोणी खुर्ची ओढून बसा म्हटलं नव्हतं. त्याच माणसाला लगेच खोटा कसा म्हणू?"

आयने मलिदा केला. तो आमच्यात गोड पोह्यांचा, फळं ठेवून. पोहे इथे मिळायचे नाहीत, मुंबईहून नुकत्याच आलेल्या कुणाच्या पेटीतले मागून आणले. नवस दोघांचा होता, निम्माच फळला, तरी करायचा का, असा आयला प्रश्न. सर म्हणाले, "फळला तेवढ्याचा करा. देवाशी घासाघीस कसली?" प्रार्थना त्यांनीच म्हटली, माझ्या नावाने आशीर्वाद मागितला. मी ताटातला खजूर उचलला आणि परत ठेवला. पुन्हा लेखीपासून बसा, असं मी खूपदा सांगून पाहिलं. त्यांनी पुस्तकं एलिझाबाईंच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली, तुला वर्गात लागतील म्हणून.

मी शाळेत लागले. सर रंगखात्यातच राहिले. हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. मग एलिझाबाई माझ्याकडे आल्या. "रिवका, तुझ्या शाळेत काही बघ. झाडू मारायचं असलं तरी चालेल. वाफेतून बाहेर काढ त्यांना."

शाळेला प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, तासाआधी सामान मांडायचं. मी मुख्याध्यापकांना गाठलं, भांडले म्हटलं तरी चालेल, आता मला ते येत होतं. सरांना ती जागा मिळाली. मला वाटलं, फळा नाही तर नाही, निदान फळ्याच्या खोलीत तरी आणलं. फार समाधान वाटलं. एलिझाबाईंनी माझे हात धरले होते.

सर काम चोख करायचे. तास चालू असताना मागे कपाटापाशी उभे राहायचे. मी किती वेळा म्हटलं, स्टूल घ्या. घ्यायचे नाहीत. आणि इथली मुलं! एकही वाक्य वादाशिवाय जाऊ देत नाहीत. मोरा म्हणजे बाई. 'मोरा, हे कशावरून? मोरा, पुस्तकात वेगळं आहे.' सर मागून ते ऐकायचे. काय वाटायचं त्यांना, कोण जाणे.

१९६५चं वर्ष असावं. चुन्याच्या निवळीचा प्रयोग होता. सरांनी निवळी करून, पातळ करून, नळ्यांत भरून ठेवली होती. मुलांनी त्यात काडीने हळूहळू फुंकायचं, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. झाली. कोणीतरी विचारलं, फुंकतच राहिलं तर? मी घाईत होते, म्हटलं, "काही नाही, तशीच पांढरी राहील."

तशी राहत नाही. फुंकत राहिलं तर पुन्हा स्वच्छ होते. मला हे येत होतं, त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच. पण एक मुलगी हट्टाने फुंकत बसली होती. ती तासाच्या शेवटी ओरडली, "मोरा, तुम्ही चुकलात! पाणी झालं!" वर्ग खदखदून हसला. मीही हसले. इथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी मुलीला शाबास म्हटलं, चूक फळ्यावर दुरुस्त केली, घंटा झाली.

वर्ग रिकामा झाल्यावर सर नळ्या गोळा करायला पुढे आले. मी म्हटलं, "सर, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मी बोलले तेव्हाच लक्षात आलं होतं?"

"हो."

"मग नुसती खूण करायची. मी तुमचीच विद्यार्थिनी ना?"

त्यांनी नळ्या रॅकमध्ये एकेक करून उभ्या केल्या. पांढरी, पांढरी, ती एक स्वच्छ.

"मुलांदेखत?" ते म्हणाले. "वर्गात बाई तुम्ही आहात."

जन्मात त्यांनी मला तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी वह्यांचा गठ्ठा उचलला. सर हात पुसून पुढे झाले, मी बाहेर पडेपर्यंत त्यांनी दार उघडून धरलं.